जुन्या सायकलच्या फ्रेमला रंग देण्यापूर्वी

ही समोरची फ्रेम तुम्ही आत येतानाच पाहिली असेल. अर्धी घासलेली आहे, अर्धी तशीच ठेवलेली आहे. मुद्दाम तशी आणली. डाव्या बाजूने बघाल तर म्हणाल, बरी आहे की! काळा रंग, कुठे कुठे दोन-चार पुटकुळ्या. उजव्या बाजूला त्याच पुटकुळ्या आम्ही उघडल्यात. खाली किती खड्डे आहेत ते नंतर जवळ येऊन हाताने चाचपून बघा. आजचं सगळं बोलणं त्या पुटकुळीबद्दलच आहे. रंग कुठला मारायचा, हा प्रश्न फार उशिरा येतो.

मघाशी एक आजोबा म्हणाले, "एवढा सगळा करूचा त्यापरीस नवी घेतलेली काय वायट?" वाईट काहीच नाही. पण आमच्याकडे जी सायकल येते ती बहुतेक वेळा वडलांची असते, नाहीतर काकांची. ॲटलास, हर्क्युलिस, सेन-रॅले. ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना 2020 च्या जूनमध्ये बंद पडला, आणि तोही 3 तारखेला, जागतिक सायकल दिनी. आसनसोलच्या सेन-रॅलेची तर गोष्टच जुनी. तेव्हा तीच सायकल नवी मिळत नाही; आहे ती सांभाळावी लागते. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांना दिलेली घडीची सायकल तिथे बघायला मिळते. कधी गेलात तर जरूर बघा. जुनं लोखंड नीट सांभाळलं तर किती टिकतं ते कळतं.

पण पुणं वेगळं आणि आपलं कोकण वेगळं. वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस. आणि कसालच्या तिठ्यावरून मालवणाकडे वळलात की वारा खारट होत जातो. लोखंड गंजायला पाणी आणि हवा लागते, हे शाळेत शिकलो आपण. मीठ काय करतं? मीठ असलेल्या पाण्यातून वीज सहज वाहते, आणि गंजणं ही विजेचीच क्रिया आहे, म्हणून ती वेगात होते. शिवाय मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा लागते. मग तो वरचा रंग उचलतो. ती पुटकुळी. त्या फुगीर जागेवर वरून रंगाचा हात मारला तर काय होणार? आत मीठ आहे, ओल आहे, गंज आहे, आणि वरून आपण झाकण घातलं.

हे आम्ही स्वतः केलेलं आहे, म्हणून सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत एका पाववाल्याची सायकल आली. पुढून येणारी तिरपी नळी खाली पेडलच्या एक्सलच्या नळकांड्याला जिथे मिळते तिथे खड्डे होते. आम्ही लांबी भरली, घासून गुळगुळीत केली, वर चकाचक हिरवा रंग. पाववाला खूश, आम्हीही खूश. पुढच्या पावसात पहाटे पावांची पेटी लादलेली असताना नळी तिथेच तुटली. हनुवटीला टाके पडले त्यांच्या. लांबीला ताकद नसते, मंडळी. ती फक्त दिसायला असते. त्यांनी आम्हाला एका शब्दाने विचारलं नाही, हे जास्त लागलं.

तेव्हापासून पद्धत अशी, की आधी फ्रेम पूर्ण मोकळी करायची. सगळं काढायचं, चिमटा, मडगार्ड, कटोऱ्या, छर्रे, काहीच ठेवायचं नाही. एक गोष्ट लक्षात ठेवा, उजव्या बाजूची, म्हणजे चेनकडची कटोरी उलट आट्यांची असते. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवली की सुटते. उलट जोर लावून आटे खराब केलेल्या फ्रेमा आम्ही पुष्कळ पाहिल्या. कटोऱ्या निघाल्या की नळकांड्यात बॅटरी मारून बघा. सीटच्या पाइपातून उतरलेलं पाणी तिथेच साठतं, त्यामुळे फ्रेम बाहेरून नाही, आतून आणि खालून मरते. मग नळ्यांवर पान्याने हलके टिचके मारत जायचं. चांगली नळी खणखणते, खाल्लेली नळी बद्द बोलते. संशयाच्या जागी पेचकसचं टोक दाबायचं. टोक आत गेलं, किंवा जोडाजवळ केसासारखी चीर दिसली, तर रंगाचा विचार तिथेच सोडा. नळी बदलणारा चांगला ब्रेझिंगवाला गाठा, नाहीतर ती सायकल भिंतीला टांगा. आम्ही अशा वेळी सरळ नाही म्हणतो. गिऱ्हाईक रागावतं. रागावू दे.

फ्रेम पक्की निघाली, मग धुणं. आधी रॉकेलने ग्रीस काढायचं, मग साबणाने, मग भरपूर गोड्या पाण्याने. क्रम उलटा केलात, म्हणजे ग्रीस असतानाच घासलंत, तर पॉलिश पेपरने पडलेल्या ओरखड्यांत ते ग्रीस भरतं आणि रंग धरत नाही. खाडीकाठच्या लोकांनो, विहीर मचूळ असेल तर ते पाणी यासाठी वापरू नका. मीठ काढायला मिठाचंच पाणी कसं चालेल? घासून झाल्यावर, खड्डे उघडल्यावर, पुन्हा एकदा धुवा. कारण मीठ खड्ड्याच्या तळाशी बसलेलं असतं.

आता घासणं. सुकं घासू नका, वॉटर पेपरने ओलं घासा. हे आम्ही कळकळीने सांगतोय. जुन्या रंगांत शिसं असायचं. लोखंडावरचं जुनं अस्तर पुष्कळदा रेड लेडचं, म्हणजे आपण मारुतीला फासतो तो शेंदूरच. 2017 च्या 1 नोव्हेंबरपासून आपल्या देशात घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा दशलक्षात 90 भाग अशी आली. तुमच्या आजोबांच्या सायकलला ते कुठून लागू? ती धूळ अंगणात उडते, पोरं तिथेच खेळतात, हात तोंडात जातात. शिसं मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं. तेव्हा ओलं घासा, खाली प्लास्टिक पसरा, तोंडाला चांगला मास्क लावा, आणि तो गाळ माडाच्या आळ्यात ओतू नका.

आणि सगळा रंग काढायलाच हवा असं नाही. कारखान्यात फॉस्फेट करून भट्टीत भाजलेला मूळ रंग जिथे घट्ट धरून आहे, तिथे त्याच्यापेक्षा चांगला रंग आपण अंगणात बसून मारणार नाही. तो नुसता खरवडून खरखरीत करा आणि वर अस्तर द्या. सोनेरी रेघा शाबूत असतील तर आम्ही म्हणू, पूर्ण रंगवूच नका. गंजलेल्या जागा तेवढ्या दुरुस्त करा. फ्रेमवर ठोकलेला नंबर असतो, तोही लांबीने बुजवू नका. मालकीचा पुरावा आहे तो.

खड्ड्यातला उरलेला गंज पेपरने निघत नाही. त्यासाठी फॉस्फरिक ॲसिडचं द्रावण लावतात. गंजाचं फॉस्फेट होतं, जागा करडी-काळी पडते. मग पुसून, धुऊन, पूर्ण सुकवून त्याच दिवशी अस्तर. उघडं लोखंड इथे एक रात्र ठेवलंत तर सकाळी त्यावर पिवळी झाक आलेली असते. अस्तर आम्ही दोन डब्यांचं इपॉक्सी वापरतो. साधं रेड ऑक्साईड स्वस्त आहे, चालतंही. गंमत बघा, त्याचा लाल रंग म्हणजे लोह-ऑक्साईड, आपल्या जांभ्यात असतं तेच. गंजापासून वाचवायला गंजाचंच अस्तर! पण ते ओलावा फार काळ अडवत नाही.

कधी मारायचा? गणपतीला चाकरमानी येणार म्हणून श्रावणात सायकली घेऊन येतात लोक. आम्ही हात जोडतो. हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या वर असली की रंगकाम करू नये, असा धंद्यातला सर्वसाधारण नियम आहे. ड्युकोचा फवारा दमट हवेत मारलात तर थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर दव धरतं आणि काळा रंग दुधाळ पडतो. म्हणून दसरा होऊ दे. थंडीतही सकाळी दव असतं, तेव्हा दहा-अकराला सुरू करून तीनच्या आत आटपायचं. सावलीत, पण आंब्याखाली नको. मोहराच्या दिवसांत वरून चिकटा पडतो, सगळी मेहनत फुकट. पातळ तीन हात द्या, एक जाड हात नको, ओघळ येतात. दोन डब्यांचा पीयू रंग फवारणार असाल तर साधा रुमाल पुरत नाही, त्याचा हार्डनर फुफ्फुसांना घातक असतो.

पावडर कोटिंगचं विचारलं कोणीतरी. चांगलं असतं. साधारण 180 ते 200 अंशांवर भाजतात, पितळी ब्रेझिंगला त्याने काही होत नाही. फक्त आटे आणि कटोऱ्या बसायच्या जागा झाकून द्यायला सांगा. लांबी भरलेली असेल तर भट्टीत ती उखडू शकते, आणि आमच्या मते ते बरंच आहे.

एनॅमल वरून सुकलं तरी आत कच्चं असतं. आठ-दहा दिवस जोडणी नको. सगळ्यात शेवटी नळ्यांच्या आत डबल बॉईल जवसाचं तेल ओतून फ्रेम सगळीकडे फिरवा, जास्तीचं निथळू द्या. हे रंगानंतरच, आधी नाही. आणि त्या तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवून ठेवा.

पावसाळ्यात महिन्यातून एकदा सीट काढायची, सायकल उलटी करायची आणि बघायचं किती पाणी पडतं ते. गेल्या वर्षी एका नव्याकोऱ्या, फक्त तीन महिने वापरलेल्या सायकलमधून अर्धा पेला निघालं.