वीज सुधारणा : ओडिशा आणि दिल्लीचा धडा

विजेचे उत्पादन, पारेषण आणि वितरण ही तिन्ही कामे एकाच सरकारी मंडळाकडे सोपविण्याची पद्धत विकसनशील देशांमध्ये अनेक दशके रूढ होती. चिलीने १९८२ मध्ये कायदा करून ही कामे वेगळी केली. १९९० च्या दशकात पूर्व युरोपासह अनेक देशांनी तोच मार्ग स्वीकारला. मंडळाचे विभाजन, स्वतंत्र नियामक आयोग आणि खासगी भांडवलाचा प्रवेश ही या सुधारणांची त्रिसूत्री होय.

भारतात हा प्रयोग सर्वप्रथम ओडिशाने (तत्कालीन ओरिसा) केला. जागतिक बँकेच्या साहाय्याने १ एप्रिल १९९६ पासून तेथील वीज मंडळाचे विभाजन झाले आणि १९९९ मध्ये चारही वितरण कंपन्या खासगी उद्योगांकडे सोपविण्यात आल्या. तथापि, प्रत्यक्षातील वीजगळती गृहीत धरलेल्या आकड्यांपेक्षा अधिक निघाली. वहनात वाया जाणारी, चोरीला जाणारी आणि बिल देऊनही वसुली न होणारी वीज असे या गळतीचे तीन भाग असतात. ती कमी होईपर्यंतचा तोटा कोणी सोसायचा, याची तरतूदच करण्यात आली नव्हती. त्यातच ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळाने वीजवाहिन्यांची मोठी हानी केली. मध्य ओडिशातील वितरण सांभाळणारी अमेरिकी कंपनी एईएस २००१ मध्ये बाहेर पडली. उर्वरित तीन कंपन्यांचे परवाने राज्याच्या नियामक आयोगाने २०१५ मध्ये रद्द केले.

दिल्लीने जुलै २००२ मध्ये वितरणाचे खासगीकरण करताना या अनुभवापासून बोध घेतला. कंपन्यांची निवड समभागांना मिळणाऱ्या किमतीवर न करता गळती किती कमी करणार, या हमीवर करण्यात आली. संक्रमणकाळातील तूट भरून काढण्यासाठी सरकारने सुमारे ३,४५० कोटी रुपयांचे साहाय्य दिले. त्या वेळी ५० टक्क्यांच्या आसपास असलेली गळती पुढे १० टक्क्यांच्या खाली आली. मात्र, दरांतून वसूल न झालेल्या खर्चाचा बोजा वाढत गेला. अशी थकीत रक्कम ठरावीक मुदतीत फेडण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाला ऑगस्ट २०२५ मध्ये द्यावे लागले. हा भार अखेर ग्राहकांच्या बिलांवरच येणार आहे.

महाराष्ट्रात वीज मंडळाचे विभाजन जून २००५ मध्ये झाले. परंतु महावितरण ही कंपनी शासनाच्याच मालकीची राहिली. ओडिशाने मात्र २०२०-२१ मध्ये पुन्हा खासगी सहभाग स्वीकारला. चारही कंपन्यांमध्ये टाटा पॉवरला ५१ टक्के भागभांडवल देऊन राज्याने ४९ टक्के हिस्सा स्वतःकडे राखला.

सुधारणांचे यश केवळ मालकी बदलण्यावर अवलंबून नसते, हेच या अनुभवांवरून दिसते. गळतीचा खरा हिशेब, मीटर आणि वसुलीची शिस्त, तसेच संक्रमणकाळातील तोट्याची प्रामाणिक वाटणी यांवरच ते ठरते. हा हिशेब आज टाळला, तर तो उद्याच्या वीजबिलात व्याजासह येतो.