पुतळा उतरला, फीचे काय?

दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन विद्यापीठाच्या आवारात ब्रिटिश साम्राज्यवादी सेसिल ऱ्होड्सचा ब्राँझचा पुतळा १९३४ पासून ठाण मांडून होता. हनुवटी हातावर टेकवलेली, नजर खाली पसरलेल्या शहरावर. विद्यापीठाची जमीनही त्याच्याच देणगीतली. ९ मार्च २०१५ रोजी चुमानी मॅक्सवेले या विद्यार्थ्याने खायेलित्शा वस्तीतून आणलेला मैला या पुतळ्यावर ओतला. वस्तीतल्या लोकांना संडास म्हणून डबे वापरावे लागत होते. त्याची लाज कोणी बाळगायची, हे त्याने भर दिवसा विचारले.

विद्यार्थ्यांनी प्रशासकीय इमारत ताब्यात घेऊन तिला ‘अझानिया हाऊस’ नाव दिले. महिन्याने, ९ एप्रिलला, क्रेनने पुतळा उचलला. त्या वेळी सेथेंबिले म्सेझाने ही कलावंत हातांना पंख बांधून, उंच टाचांच्या बुटांत तासन्‌तास एका चौथऱ्यावर उभी होती. तिने झिम्बाब्वेचा पक्षी साकारला होता. ग्रेट झिम्बाब्वेच्या अवशेषांतून नेलेला तसाच एक दगडी पक्षी ऱ्होड्सच्या केपटाऊनमधल्या घरात ठेवलेला होता.

राग पुतळ्यापुरता नव्हता, अभ्यासक्रमावरही होता. ते भांडण मात्र जुनेच होते. मुंबईत जन्मलेले आणि युगांडात वाढलेले महमूद ममदानी १९९० च्या दशकाच्या अखेरीस याच विद्यापीठात शिकवत होते. नव्या विद्यार्थ्यांना आफ्रिका कशी शिकवायची, यावरून सहकाऱ्यांशी बिनसले आणि ते निघून गेले. वर्णभेदी राजवट संपली होती, वाचनाच्या याद्या फारशा हलल्या नव्हत्या.

पण गावोगावच्या विद्यार्थ्यांना एकत्र आणले ते फीने. जोहान्सबर्गच्या विट्स विद्यापीठाने २०१६ साठी १०.५ टक्के फीवाढ जाहीर केली आणि १४ ऑक्टोबर २०१५ रोजी मुलांनी फाटके अडवली. कुलगुरू अ‍ॅडम हबीब डरबनमध्ये एका परिषदेत होते. मुलांनी त्यांना बोलावून घेतले, मध्यवर्ती इमारतीत आपल्यामध्ये जमिनीवर बसवले आणि रात्रभर हलू दिले नाही. आठवड्याभरात आंदोलन देशभर पसरले. २१ ऑक्टोबरला केपटाऊनमध्ये अर्थमंत्री संसदेत मध्यावधी अर्थसंकल्प मांडत असताना बाहेर विद्यार्थ्यांवर स्टन ग्रेनेड फुटत होते. २३ तारखेला प्रिटोरियात सरकारी मुख्यालयासमोर हजारो जमले. राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा गर्दीपुढे आले नाहीत. त्यांनी दूरचित्रवाणीवरून सांगितले, २०१६ मध्ये फीवाढ शून्य.

याच दिवसांतले आणखी एक यश बातम्यांत मागे पडले. झाडलोट, पहारा, खानावळीची कामे विद्यापीठांनी कंत्राटदारांकडे सोपवली होती. ती माणसे विद्यापीठाच्या नोकरीत घ्या, ही मागणी मुलांनी फीच्या बरोबरीने लावून धरली. केपटाऊन आणि विट्सने ती मान्य केली.

२०१६ चे वर्ष कडवट गेले. फेब्रुवारीत केपटाऊनला वसतिगृहाच्या टंचाईवर बोट ठेवण्यासाठी मुलांनी आवारात पत्र्याची झोपडी उभारली. ती हटवण्यावरून झालेल्या दंगलीत विद्यापीठाची चित्रे जाळली गेली. डरबनला विद्यापीठाच्या कायदा ग्रंथालयाला आग लागली. सप्टेंबरमध्ये उच्च शिक्षण मंत्री ब्लेड न्झिमांडे यांनी ८ टक्क्यांपर्यंत वाढीला मुभा दिली आणि वर्ग पुन्हा बंद पडले. विट्सच्या माजी विद्यार्थी नेत्या शाएरा कल्ला यांच्या पाठीत पोलिसांच्या रबरी गोळ्या लागल्या. वर्ष वाया जाईल या भीतीने अनेक पालक आणि विद्यार्थी आंदोलनापासून दुरावले.

सरकारने नेमलेल्या हेहर आयोगाचा निष्कर्ष होता, सर्वांना मोफत शिक्षण देण्याची देशाची ऐपत नाही. तो अहवाल बाजूला सारून १६ डिसेंबर २०१७ रोजी, आपल्या पक्षाचे अधिवेशन सुरू होत असतानाच, झुमांनी वर्षाला ३,५०,००० रँडपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलांसाठी मोफत उच्च शिक्षण जाहीर केले. कर्जाची जागा शिष्यवृत्तीने घेतली. त्या रेषेच्या जरा वरची, शिक्षक-परिचारिकांची कुटुंबे बाहेर राहिली.

फीच्या मागणीला निदान आकड्यात उत्तर मिळाले. वसाहतवादाचे ओझे उतरवण्याच्या मागणीला प्रत्येक विद्यापीठाने आपापल्या सोयीने उत्तर दिले. केपटाऊनच्या जेमसन सभागृहाला खोईखोई स्त्री सारा बार्टमनचे नाव मिळाले. स्टेलेनबॉश विद्यापीठाने आफ्रिकान्स भाषेऐवजी इंग्रजीला पुढे आणले आणि २०१९ मध्ये घटना न्यायालयाने ते धोरण उचलून धरले. ऱ्होड्स विद्यापीठाच्या नियामक मंडळाने मात्र नाव न बदलण्याचा निर्णय घेतला.

मार्च २०२१ मध्ये विट्सची मुले पुन्हा रस्त्यावर आली. या वेळी वाद होता जुन्या थकबाकीचा: मागची फी भरल्याशिवाय नव्या वर्षाची नोंदणी होत नव्हती. विद्यापीठालगतच्या ब्रामफाँटेनमध्ये पोलिसांच्या गोळीबारात आंदोलनाशी संबंध नसलेला एक वाटसरू ठार झाला.