डोंगरवाटेवरील सायकलस्वारांची टोळी

सायकल हे एकट्याचे वाहन आहे. परंतु खडकाळ वाटेस लागताच ती एकट्याची राहत नाही. सपाट सडकेवर बलवान गडी पुढे निघून जातो. दगडगोट्यांत मात्र पंक्चर किंवा तुटलेली साखळी कोणाच्या वाट्यास येईल याचा नेम नसल्यामुळे सर्वांत चपळ स्वारासही मागच्याची गरज भासते.

या क्रीडेचा उगमच मुळी मित्रमंडळीत झाला. अमेरिकेत सान फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस माउंट टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. तेथील काही तरुणांनी जाड टायरांच्या जुन्यापुराण्या सायकली घेऊन २१ ऑक्टोबर १९७६ रोजी जवळच्या एका उतारावर शर्यत लावली. अंतर सुमारे दोन मैल, उतार १,३०० फुटांचा! पेडल उलटे दाबून लावावयाचा ब्रेक इतका तापे की, मागच्या हबमधील ग्रीस जळून धूर निघे व पुढील खेपेपूर्वी ते नव्याने भरावे लागे. पुन्हा भरण्यास इंग्रजीत ‘रिपॅक’ म्हणतात. तेच नाव त्या उतारास चिकटले. जेत्याचे नव्हे, तर ग्रीस भरण्याच्या खटाटोपाचे नाव शर्यतीस मिळावे, यातच त्या मंडळींचा स्वभाव दिसतो. त्यांपैकी जो ब्रीझ याने १९७७ साली खास डोंगरासाठी सांगाडा घडविला आणि १९९६ साली अटलांटा येथील ऑलिम्पिक सामन्यांत या खेळास स्थान मिळाले.

लातूर जिल्ह्यात तेरणेच्या खोऱ्यातील किल्लारीच्या बाजूस उंच पर्वत नाहीत. तथापि मुरमाड माळ, ओढे आणि शेतांमधील पांदणवाटा स्वारांची परीक्षा पाहण्यास पुरेशा आहेत. पावसाळ्यात काळी माती चाकात अशी गच्च बसते की, स्वारानेच सायकल वाहून न्यावी! उन्हाळ्यात बाभळीचा काटा वाट पाहत असतो. म्हणून पंप, ठिगळे व सोल्यूशन बाळगणाऱ्याची पिशवी सर्व टोळीची होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात जुने गाव उद्ध्वस्त होऊन नवे किल्लारी अन्यत्र वसले. जुन्या गावठाणाजवळ हास्यविनोद थांबवून सायकलीवरून उतरावे, हे सुज्ञांस सांगावयास नकोच.

टोळीचे नियम थोडके असतात. पुढच्याने प्रत्येक फाट्यावर थांबावे. सर्वांत मागे एखादा जाणता गडी असावा. पण एक बारकावा पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. मागचा धापा टाकीत पोहोचतो न पोहोचतो तोच पुढचे निघतात. ज्यांनी विश्रांती घेतली त्यांनाच पुन्हा सुटण्याची घाई, आणि ज्याला तिची गरज त्याला ती मुळीच नाही! अशाने तो दमलेला मनुष्य पुढल्या आठवड्यास येतच नाही. त्याला सावलीत बसू द्यावे, पाणी द्यावे, ओढ्यात तो कसा आपटला याचे रसभरित वर्णन त्याच्याच तोंडून ऐकावे, आणि त्याने पेडलवर पाय ठेवल्यावर मग इतरांनी उठावे.