पित्ताच्या गोळीआधी दोन प्रश्न

पौडला माझं औषधाचं दुकान आहे. जुलैत भातलावणी सुरू झाली की काउंटरवर दोनच मागण्या असतात, कंबरदुखीची गोळी आणि पित्ताची. बहुतेकांना या दोन्हींचं नातं माहीत नसतं.

अन्ननलिका जठराला मिळते तिथं स्नायूचं एक कडं असतं. घास खाली उतरला की ते आवळतं. ते नको तेव्हा सैल पडलं की जठरातलं आम्ल वर चढतं. जठराला आतून चिकट अस्तराचं संरक्षण आहे, अन्ननलिकेला तसं नाही, म्हणून छातीत जळतं. पुष्कळांच्या पोटात आम्ल जास्त झालेलं नसतंच, ते फक्त नको त्या जागी पोचलेलं असतं. आता लावणी बघा. सकाळी पोटभर भाकरी-कालवण खाऊन माणूस तासन्‌तास चिखलात कमरेत वाकलेला. पोट दाबलं जातं आणि घशाशी येतं. त्यात मिश्री. पोट साफ होतं म्हणून आमच्याकडच्या कित्येक बायाबापड्या ती दिवसातून तीनचारदा लावतात, पण तंबाखूतलं निकोटिन नेमकं ते कडंच सैल करतं. हे सांगितलं की मावशी हसतात आणि डबी कनवटीला लावतात.

कंबरेसाठी घेतलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळीचा मार्ग वेगळा. ती जठराचं अस्तरच दुबळं करते, व्रण पडू शकतो. व्रणाचं दुसरं मोठं कारण म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी 1984 साली हा जंतू स्वतः पिऊन जठराला सूज आणवून दाखवली. 2005 मध्ये त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. अशा व्रणाला प्रतिजैविकं लागतात. आपण मात्र व्रण असो की सैल कडं, सगळ्याला पित्तच म्हणतो आणि गोळीही एकच मागतो.

पिरंगुटच्या कंपन्यांतली रात्रपाळीची पोरं सकाळी मिसळ-पाव खाऊन लगेच आडवी होतात. हिंजवडीची मंडळी रात्री अकराला जेवतात. दुखणं तेच. कुणाला जळजळ होतच नाही, नुसता रात्रीचा खोकला, सकाळी बसलेला आवाज, झिजलेले दात, बळावलेला दमा. खोकल्याच्या बाटल्यांवर बाटल्या नेणाऱ्याला मी जेवणाची वेळ विचारतो, तेव्हा तो माझ्याकडे चमकून बघतो.

माझे खरे प्रश्न दोन. पहिला : घाम येतोय का, दुखणं हातात किंवा जबड्यात उतरतंय का, चढ चढताना वाढतंय का? हो म्हटलं की गोळी देत नाही, ग्रामीण रुग्णालयात ईसीजी काढायला पाठवतो. ‘गॅस असेल’ म्हणत सोडा पीत बसण्यात हृदयविकाराची मोलाची वेळ जाते. मधुमेह्यांत आणि बायकांत तर ही लक्षणं आणखी फसवी. दुसरा : घास अडकतो का, वजन उतरलंय का, शौचाला काळी होते का? मग दुर्बिणीची तपासणी टाळायची नाही. वर्षानुवर्षं आम्ल लागून अन्ननलिकेचं अस्तर बदलतं, त्याला बॅरेट म्हणतात. त्यातल्या थोड्यांनाच पुढे कर्करोग होतो, पण वेळेत कळलं तर उपाय असतो.

पँटोप्रॅझोल खरं तर चिठ्ठीचं औषध. ते जळजळ उठल्यावर नाही, न्याहारीच्या अर्धा तास आधी घ्यायचं, कारण जेवणानं जागे होणारे आम्लाचे पंप ते बंद करतं. लगेच आराम हवा तर अँटासिडची बाटली, तीही तात्पुरती. वर्षानुवर्षं पँटोप्रॅझोल घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून बी-12 तपासावं. एकदम बंद केलं तर काही आठवडे जळजळ उसळते, म्हणून सोडायचं तेही हळूहळू. जुनी गिऱ्हाइकं अजून रॅनिटिडिन मागतात. त्यात कर्करोगकारक अंश सापडल्यावर 2020 मध्ये अमेरिकेनं ते बाजारातून काढायला लावलं, तेव्हापासून मीही टाळतो.

फुकटातलं औषध कुणाला पटत नाही, तरी सांगतो. झोपण्याच्या तीन तास आधी जेवा, डाव्या कुशीवर झोपा, खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घाला. उशा रचून उपयोग नाही, त्यानं पोटच दुमडतं. आणि लावणीच्या दिवसांत सकाळी थोडं खा, उरलेलं बांधावर दुपारी.