दुर्बीण घेताना आकड्यांना भुलू नका

दिवाळीची सुट्टी लागली की आपल्या भागातली कुटुंबे घराबाहेर पडतात. कोणी जांबोटीमार्गे चोर्ला घाटात जाते, कोणी आंबोलीला, कोणी दांडेलीच्या जंगलात, तर कोणी घटप्रभेच्या काठी. पूर्वी सोबत डबा आणि सतरंजी असायची. अलीकडे त्यात दुर्बिणीची भर पडली आहे. शब्द मूळचा फारसी, दूरचे पाहणारी ती दुर्बीण. कन्नडमध्येही ती ‘दुर्बीनु’च. दोन्ही भाषा बोलणाऱ्या आपल्या घरांत तिच्या नावावरून वाद होण्याचे कारण नाही. वाद होतो तो कोणती घ्यावी यावरून.

दुकानात शिरल्यावर आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘किती पॉवरची आहे?’ आकडा जितका मोठा तितका माल चांगला, हा आपला सर्वसाधारण समज. विक्रेत्यालाही तो ठाऊक असतो. म्हणूनच मुठीत मावणाऱ्या स्वस्त दुर्बिणीवर ‘३०×६०’ असे भारदस्त आकडे छापलेले दिसतात. खरे तर जिचे पुढचे भिंग ६० मिलिमीटर व्यासाचे आहे, ती दुर्बीण मुठीत मावणेच शक्य नाही. पट्टी लावून भिंग मोजले की आकड्यांचा खरेखोटेपणा तिथेच कळतो.

हे आकडे नेमके काय सांगतात? समजा दुर्बिणीवर ‘८×२५’ लिहिले आहे. पहिला आकडा वस्तू किती पट जवळ दिसेल तो. ८० मीटरवरचा पक्षी १० मीटरवर असल्यासारखा दिसतो. दुसरा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. भिंग जितके मोठे तितका प्रकाश जास्त आत येतो, पण वजनही तितकेच वाढते. आता दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. २५ भागिले ८ म्हणजे साधारण ३.१. दुर्बिणीतून बाहेर पडून डोळ्यात शिरणारा प्रकाशाचा झोत इतक्या मिलिमीटरचा असतो. भर उन्हात आपल्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, त्यामुळे हा झोत पुरतो. पण पहाटे किंवा दाट झाडीत बाहुली मोठी होते आणि मग हेच चित्र काळपट वाटू लागते. १०×२५ मध्ये तर हा झोत अडीच मिलिमीटरवर येतो. म्हणजे ‘पॉवर’ वाढली आणि उजेड घटला.

दुसरी अडचण हाताची. दुर्बीण वस्तूबरोबर हाताचा कंपही तितकाच पट मोठा करून दाखवते. आठ पटीपर्यंत बहुतेकांचा हात साथ देतो. दहा पटीला सराव लागतो. त्यापुढे तिपाईशिवाय सगळे चित्र नाचू लागते.

महाविद्यालयातल्या मुलांबरोबर निसर्गसहलीला जाताना हे दरवेळी दिसते. धनेश, म्हणजे कन्नडमधला मंगट्टे, समोरच्या झाडावर येऊन बसतो. घरून आणलेली ‘जास्त पॉवरची’ दुर्बीण हातात असलेला मुलगा फांद्या चाळत राहतो, आणि त्याला तो सापडेपर्यंत पक्षी उडून जातो. दोष दुर्बिणीचा असतो, पण मुलाला वाटते की आपल्यालाच पाहता येत नाही. दोन-तीनदा असे झाले की तो दुर्बीण पिशवीत टाकतो आणि पुढच्या सहलीला येतच नाही. पैसे जातात ते जातातच, पण एक कुतूहलही विझते.

म्हणून कुटुंबासाठी पहिली दुर्बीण घेताना आठ पटीचीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रश्न राहतो तो भिंगाचा. ८×२५ चे वजन साधारण ३०० ग्रॅमच्या आसपास असते. ती मिटून खिशात किंवा पर्समध्ये जाते. दिवसाउजेडी, धबधब्यावर, गडावर ती उत्तम. ८×३२ साधारण अर्ध्या किलोची, पण तिच्यात दीडपटीहून अधिक प्रकाश येतो. ज्यांना भल्या सकाळी पक्षी पाहायचे आहेत त्यांनी हीच घ्यावी. ८×४२ चे चित्र सर्वांत उजळ, पण ६०० ते ८०० ग्रॅमचे ते ओझे दुपारपर्यंत मान दुखवते. कपाटात राहणाऱ्या चांगल्या दुर्बिणीपेक्षा गळ्यात राहणारी साधी दुर्बीण अधिक उपयोगाची.

घरात दुर्बीण एक आणि डोळे अनेक, हे विसरू नये. लहान मुलांच्या दोन डोळ्यांतले अंतर कमी असते. मोठ्या दुर्बिणी बऱ्याचदा तेवढ्या मिटत नाहीत, मग मुले ‘दोन दोन दिसतात’ अशी तक्रार करतात. मधोमध दोन बिजागऱ्या असलेली छोटी दुर्बीण त्यांना बरी पडते. मराठी आजी असो की कन्नड अज्जी, त्यांना बहुधा चष्मा असतो. चष्म्यासह पूर्ण चित्र दिसायचे तर डोळा आणि मागचे भिंग यांत किमान १५ मिलिमीटर अंतर चालले पाहिजे. कंपनीच्या माहितीपत्रकात हा आकडा असतो. पाहताना मागच्या रबरी कडा खाली दुमडायच्या किंवा फिरवून आत घ्यायच्या.

खरेदी दुकानाच्या आत उभे राहून करू नये. दारात या आणि लांबची पाटी वाचा. अक्षरे मधोमध आणि कडेलाही स्पष्ट दिसतात का, पांढऱ्या भिंतीच्या कडेला जांभळी झालर दिसते का, हे पाहा. मग दुर्बीण हातभर लांब धरून आकाशाकडे करा, पण सूर्याच्या बाजूला नव्हे. मागच्या भिंगात उजेडाचे दोन ठिपके दिसतील. ते स्वच्छ गोल हवेत. कडा कापल्यासारख्या चौकोनी दिसल्या तर आतले लोलक हलक्या काचेचे समजावेत. दोन-तीन मिनिटे पाहून डोळे ओढल्यासारखे वाटले तर दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत. ती दुर्बीण परत ठेवा. लालभडक चमकणारी भिंगे आणि स्वस्त ‘झूम’ यांच्या वाटेला जाऊ नये. पहिलीत रंग बदलतात, दुसरीत चित्र अरुंद आणि अंधूक होते.

घरी आणल्यावर ती प्रत्येकाने स्वतःपुरती जुळवून घ्यावी. आधी उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचे चित्र स्पष्ट करा. मग डावा मिटून उजव्या नळीवरचे कडे फिरवा. कड्यावरची आपली खूण लक्षात ठेवली की पुढे फक्त मधले चाक फिरवावे लागते.

आपल्याकडच्या पावसाचाही विचार हवा. खानापूरच्या पश्चिमेला आणि आंबोलीत पावसाळाभर हवा ओलीच असते. भिंगावर एकदा बुरशी धरली की काचेवर कायमचे डाग पडू शकतात. नायट्रोजन भरलेली, पाणी न शिरणारी दुर्बीण थोडी महाग पडते, पण इथे ते पैसे वसूल होतात. ओली दुर्बीण चामडी पिशवीत कोंडू नका. कोरडी करून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. धूळ आधी फुंकणीने उडवा. पदराने किंवा शर्टाच्या टोकाने भिंग पुसू नये, ओरखडे पडतात.

आणि सर्वांत महत्त्वाचे, दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही, क्षणभरही पाहू नये. डोळा कायमचा जाऊ शकतो. दुर्बीण मुलांच्या हाती देण्याआधी हे एकदा मराठीत सांगा, एकदा कन्नडमध्ये सांगा.

यंदा सहलीला निघताना दुर्बिणीच्या जोडीला मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ किंवा पूर्णचंद्र तेजस्वींचे ‘कन्नड नाडिन हक्किगळु’ घरात असू द्या. दिवसभर पाहिलेल्या पक्ष्यांची नावे रात्री दोन्ही भाषांत शोधता येतील. मुलांना आणखी काय हवे?