आडवी मोजलेली उंची

घाटकोपरच्या असल्फा टेकडीवरील एखाद्या अंगणवाडीत वजनाच्या दिवशी गेलात, तर काट्यावरचा आकडा ऐकून आईचा जीव भांड्यात पडलेला दिसेल. परंतु दोन वर्षांखालील मुलाला फळीवर आडवे निजवून, एकीने डोके व दुसरीने गुडघे धरून जी लांबी मोजावयाची, तिची चौकशी सहसा कोणी करीत नाही, आणि खुरटलेली वाढ उमगते ती तेथेच.

गैरसमज : आईबाप ठेंगणे, म्हणून मूल ठेंगणे.
वस्तुस्थिती : आनुवंशिकतेचा वाटा आहेच, तथापि भारतासह सहा देशांतील मुलांच्या मोजमापांवरून जागतिक आरोग्य संघटनेने 2006 साली जी प्रमाणके प्रसिद्ध केली, त्यांतून असे दिसले की, स्तनपान, पुरेसा आहार व औषधोपचार लाभलेली मुले पहिल्या पाच वर्षांत सर्वत्र जवळजवळ सारखीच वाढतात. त्या मापाने दोन वर्षांची मुलगी 80 सेंटिमीटरच्या आत भरली, तर ती खुजी गणली जाते. 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील 35 टक्के मुले खुजी आढळली. एवढ्यांचे खापर आजोबांच्या उंचीवर फोडता येत नाही.

गैरसमज : रेशन मिळते, तेव्हा अन्नाची ददात नाही.
वस्तुस्थिती : 2013 च्या कायद्यान्वये प्राधान्य कुटुंबांत माणशी दरमहा 5 किलो धान्य मिळते, हे खरे, परंतु डाळ, अंडी, दूध, पालेभाजी विकतच आणावी लागते, आणि खोलीचे भाडे चुकते केल्यावर महिनाअखेर जी काटछाट होते, ती सर्वांमागून जेवणाऱ्या बाईच्या ताटात आधी होते.

गैरसमज : गर्भारपणी कमी खाल्ले, की बाळंतपण सोपे.
वस्तुस्थिती : त्याने आई अशक्त व मूल कमी वजनाचे होते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत 2006 ते 2012 या काळात स्त्रियांना पालेभाजी, फळे व दूध यांचा रोजचा अल्पोपहार देऊन झालेल्या प्रयोगात, गर्भधारणेच्या निदान तीन महिने आधीपासून तो मिळालेल्यांच्या बाळांचे वजन सरासरी 48 ग्रॅमनी अधिक भरले. अतिकृश स्त्रियांत मात्र हा लाभ दिसला नाही. म्हणजे गर्भाची तरतूद मुलगी वयात येते तेव्हापासूनच करावयाची असते.

गैरसमज : पुढे भरून निघेल.
वस्तुस्थिती : गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या सुमारे 1000 दिवसांत झालेली तूट पुढे भरून काढणे फार कठीण. सहा महिने पूर्ण होताच, स्तनपान चालू ठेवून, चहात बुडवलेल्या बिस्किटाऐवजी दाट वरणभात, वर थोडे तेल वा तूप द्यावे. आणि अंगणवाडीच्या दप्तरात बाळाच्या लांबीशेजारी, आई आज काय जेवली, यासाठीही एक रकाना असावा.