पाच मिलिमीटरचा सौदा

चाकाखालची वाट : लेखांक सहावा

पावसाळा तोंडावर आला की टायरच्या दुकानात एक प्रश्न हमखास ऐकू येतो : ‘दादा, याच्यापेक्षा मोठा बसेल का?’ विचारणाऱ्याची जिम्नी कंपनीतून आली तशीच असते. सोमवार ते शुक्रवार ती हिंजवडीच्या गर्दीत उभी असते आणि महिन्यातून एखाद्या रविवारी ताम्हिणीपलीकडच्या कच्च्या रस्त्याला लागते. दुकानदार चाकाकडे एक नजर टाकून सांगतो, ‘बसेल की, साहेब.’ त्यात खोटं काही नसतं. पण टायर रिमवर बसणं वेगळं आणि गाडी वळताना, आदळताना, घाट चढताना त्या गाडीत मावणं वेगळं. या लेखाचा विषय हे दुसरं मावणं आहे.

टायरच्या बाजूवरचे आकडे कसे वाचायचे ते मागच्या आठवड्यात पाहिलं. आज त्याच आकड्यांचा हिशेब मांडू.

पाच दारांची मारुती सुझुकी जिम्नी २०२३मध्ये भारतात विक्रीला आली, ती १९५/८० आर १५ या मापाचे टायर घेऊन. रुंदी १९५ मिलिमीटर, साइडवॉलची उंची त्याच्या ८० टक्के म्हणजे १५६, आणि रिम १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. साइडवॉल वर आणि खाली अशी दोनदा धरायची. एकूण व्यास ६९३ मिलिमीटर. आता या गाडीसाठी सर्वात जास्त सुचवलं जाणारं मोठं माप घेऊ : २१५/७५ आर १५. त्याचा व्यास भरतो सुमारे ७०३ मिलिमीटर. फरक दहाचा. त्यातही गाडी उचलली जाते ती निम्म्याच फरकाने, कारण उरलेला निम्मा वाढतो आसाच्या वर, चाकाच्या माथ्याकडे. हाती आले पाच मिलिमीटर.

आता दुसरा आकडा बघा. नव्या टायरच्या नक्षीची खोली साधारण आठ मिलिमीटर असते. कारसाठी कायद्याने किमान १.६ मिलिमीटर नक्षी शिल्लक असावी लागते. म्हणजे झिजून संपत आलेल्या टायरने गाडी सहा मिलिमीटरहून जास्त खाली आणलेली असते. माप न बदलता नुसता नवा टायर टाकला तरी, मोठ्या मापाने मिळते त्यापेक्षा जास्त उंची परत मिळते. ‘मोठे टायर टाकल्यापासून गाडी कशी उंच वाटते’ असं मनापासून सांगणाऱ्या अनेकांना खरं तर नव्या रबराची उंची जाणवत असते.

मग २१५/७५चा उपयोग काय? उपयोग आहे, आणि चांगला आहे, पण तो उंचीत शोधू नये. हे बोलेरोचं माप आहे. महाराष्ट्रात बोलेरो कुठे नाही? तालुक्याच्या गावी, बाजाराच्या दिवशी, रस्त्याकडेच्या साध्या दुकानातही या मापाचा टायर मिळण्याची शक्यता मोठी. १९५/८०चं तसं नाही. शिवाय २१५/७५मध्ये खडबडीत रस्त्याची नक्षी असलेले, म्हणजे ए/टी जातीचे, टायर निवडायला वाव जास्त आहे. जिम्नीच्या साडेपाच इंच रुंद मूळ रिमवर हे माप बसतं. व्यासात वाढ दीड टक्क्याची, त्यामुळे इंजिन, ब्रेक आणि स्पीडोमीटर यांना ती फारशी जाणवत नाही. रोज वापरायच्या, काहीही फेरफार न केलेल्या जिम्नीसाठी या लेखकाच्या मते ही मोठेपणाची शेवटची पायरी आहे.

तरीही नजर पुढच्या पायरीकडे जातेच. २३५/७५ आर १५ हा टायर दिसायला भरदार. व्यास सुमारे ७३३ मिलिमीटर, मूळ मापापेक्षा जवळपास सहा टक्के जास्त, आणि उंचीत थेट वीस मिलिमीटरची कमाई. या कमाईचं मोल खरोखर मोठं आहे. जिम्नीला पुढेमागे दोन्हीकडे अखंड आस आहेत आणि त्या आसावरचा डिफरन्शियलचा गोळा हा गाडीच्या पोटाखालचा सर्वात खालचा भाग. खडकाळ वाटेवर तोच आधी आपटतो. लिफ्ट किट टाकून बॉडी वर गेली तरी गोळा जिथे होता तिथेच राहतो, कारण तो स्प्रिंगच्या खालच्या बाजूला आहे. त्याला वर उचलणारी गोष्ट एकच : टायरचा व्यास. म्हणून हौशी मंडळी मोठ्या टायरमागे लागतात, आणि त्यात त्यांचं तर्कशास्त्र चुकत नाही.

चुकतं ते गाडी तशीच ठेवून हे करण्यात. २३५/७५साठी किमान सहा इंच रुंद रिम लागते. साडेपाच इंचाच्या रिमवर चढवला तर टायर कडांशी आवळला जातो आणि मधे फुगतो. मग टेकतो तो मधलाच पट्टा, आणि झिजतोही तोच. नवी रिम घ्यावी तर ती चाकाला बाहेर किंवा आत सरकवते. बाहेर सरकलं तर स्टिअरिंगचा पूर्ण कट मारताना टायर बंपरच्या खालच्या कोपऱ्याला आणि चाकामागच्या प्लास्टिकला घासतो, आत सरकलं तर सस्पेन्शनच्या दांड्याला. सपाट जागेवर हे लक्षातही येत नाही. एक चाक दगडावर चढलेलं, दुसरं खड्ड्यात उतरलेलं आणि त्याच वेळी कट मारलेला, अशा अवघड क्षणी ते उघड होतं; म्हणजे नेमकं ज्या वाटेसाठी टायर घेतला, त्या वाटेवर.

याहून मोठी किंमत घाटात मोजावी लागते. टायर मोठा झाला की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर जाते. हे सगळे गिअर एकदम थोडे लांबवल्यासारखंच आहे. इंजिन तेच, पण जमिनीवर पोचणारी ओढ व्यास वाढला त्याच प्रमाणात घटते. जिम्नीचं दीड लिटरचं पेट्रोल इंजिन १३४ न्यूटन-मीटर टॉर्क देतं, तेही ४००० फेऱ्यांवर. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढताना, चार माणसं, सामान आणि एसी चालू असताना, जिथे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये आधीच मेटाकुटीला येऊन गाडी चढते, तिथे सहा टक्के ओढ गमावणं म्हणजे प्रत्येक वळणानंतर खालचा गिअर शोधणं. थारच्या २.२ लिटर डिझेलला ३०० न्यूटन-मीटर फक्त १६०० फेऱ्यांपासून मिळतात. तिला हा भार कमी जाणवतो. म्हणून मित्राच्या थारला जे मानवलं ते आपल्या जिम्नीला मानवेल, असं धरून चालू नये.

ओढीसारखाच ब्रेकचा हिशेब. मोठं चाक ब्रेकच्या डिस्कवर जास्त तरफ लावतं, शिवाय जड रबर फिरतं असताना थांबवायला जास्त कष्ट पडतात. आणि स्पीडोमीटर? २३५/७५ टाकल्यावर तो मूळ मापाच्या तुलनेत सहा टक्के कमी दाखवेल. काट्यावर ८० असताना प्रत्यक्षात आणखी पावणेपाच किलोमीटर वेग चढलेला असेल. किलोमीटरही कमी मोजले जातात. टायर बदलल्यावर मायलेज कोसळलं, अशी तक्रार करण्याआधी अंतराचा आकडा या टक्क्यांनी वाढवून घ्यायला हवा. काहीसं खरंच घटलेलं असतं, काहीसं फक्त मोजलं गेलेलं नसतं.

थारच्या बाबतीत एक वेगळीच वाट उपलब्ध आहे आणि ती फार कमी लोक घेतात. नाशिकला बनणारी ही गाडी २०२०मध्ये दोन मापांत आली : वरच्या श्रेणीला २५५/६५ आर १८, खालच्या श्रेणीला २४५/७५ आर १६. अठरा इंचांच्या चाकाचा व्यास ७८९ मिलिमीटर, सोळाचा ७७४. कागदावर सोळा इंचांचं चाक लहान. पण त्याची साइडवॉल १८४ मिलिमीटर उंच आहे, अठराची १६६. सह्याद्रीतला काळा बेसॉल्ट फुटतो तो धारदार कडांनी. त्यावर रिमची कड वाचवणारी आणि धक्का पिणारी गोष्ट ही रबराची उंच भिंत. खडबडीत वाटेसाठी टायर मोठा करण्याऐवजी रिम लहान करणं, हे अनेकदा जास्त शहाणपणाचं असतं. मूळ जीपचं उदाहरण याच जातीचं. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीसला ६.०० बाय १६चे टायर होते, अंगाने अरुंद आणि उंच. ते चिखल कापत खालच्या घट्ट जमिनीपर्यंत पोचायचे. रुंदीचा सोस नंतरचा.

कायद्याची बाजू टाळून चालणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत बदल करायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगीविना केलेल्या बदलाला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या श्रेणीला कंपनीने दिलेलं माप निवडणं हा सर्वात निर्धोक मार्ग. बाकी कोणत्याही मापासाठी आधी विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावं. टायरवर आयएसआयची खूण आहे का, तेही पाहावं. बाहेरून आणलेल्या टायरलाही ती लागते.

माप ठरलं तरी निवड अर्धीच झाली. नक्षीचा निर्णय रोजच्या जगण्याला जास्त भिडतो. एम/टी, म्हणजे लोक ज्याला बटन टायर म्हणतात तो, मराठवाड्यातल्या काळ्या चिकट मातीत मोलाचा ठरतो, कारण त्याच्या मोठ्या फटींतून चिखल फेकला जातो. बारीक नक्षी एका फेऱ्यातच भरून गुळगुळीत होते. पण हाच टायर जुलैतल्या ओल्या डांबरावर कमी पकड देतो. त्याचे गट्टे मोठे, त्यांच्यावरच्या बारीक चिरा कमी. आठवड्यातले सहा दिवस डांबरावर जाणाऱ्या गाडीला तो देणं म्हणजे एका दिवसाच्या चिखलासाठी सहा दिवसांचं ब्रेकिंग गहाण टाकणं. इथे ए/टी हेच योग्य उत्तर आहे.

एलटी अक्षरं असलेल्या टायरपासून हलक्या गाड्यांनी जपून राहावं. ते जड ओझ्याच्या वाहनांसाठी बांधलेले असतात. जिम्नीचं वजन बाराशे किलोच्या आसपास. एवढ्याशा भाराखाली ती जाड भिंत वाकतच नाही आणि प्रत्येक खड्डा थेट पाठीत शिरतो. भाराचा अंकही बघायचा. ९६ म्हणजे एका टायरला ७१० किलो. मूळ टायरवर जो अंक असेल, त्याखाली जायचं नाही.

आणि स्टेपनी. चार मोठे टायर घेऊन पाचवा जुन्याच मापाचा ठेवण्याची काटकसर फोर बाय फोर गाडीत महाग पडते. या गाड्यांत फोर-एच टाकल्यावर पुढचा आणि मागचा आस एकमेकांना घट्ट जोडले जातात. चाकांचे व्यास वेगळे असले की त्या फरकाचा ताण ट्रान्स्फर केस आणि गिअरच्या दात्यांवर येतो. पाचही टायर एका मापाचे, एका नक्षीचे घ्यावेत आणि पाचही आलटून पालटून वापरावेत. मात्र पाचवा टायर जड असेल तर मागच्या दाराच्या बिजागऱ्यांकडे लक्ष हवं, कारण स्टेपनी दारावरच टांगलेली असते.

पाचही घेण्याआधी दुकानात पुढची दोनच चाकं बसवून घ्यावीत. चाकाच्या आतल्या प्लास्टिकला खडूची पूड फासायची. दोन्ही बाजूंना पूर्ण कट मारून, पुढे आणि रिव्हर्समध्ये, एक चाक फुटपाथच्या कडेवर चढवून गाडी फिरवायची. पूड कुठे पुसली गेली ते बॅटरीच्या उजेडात बघायचं. पुसली असेल तर ते माप या गाडीचं नाही. साइडवॉलवरचे चार आकडे, उदाहरणार्थ २३२४, म्हणजे २०२४चा तेविसावा आठवडा, तेही तिथेच वाचून घ्यावेत. बसवल्यावर अलाइनमेंट करावी आणि हजारेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासावी.

माप न वाढवताही पकड वाढवता येते. कच्च्या वाटेला लागताना हवा थोडी कमी केली की टायर जमिनीवर लांबट पसरतो, दगडाभोवती वाकतो, आणि मूळ १९५च्या टायरवरचीच जिम्नी ओल्या चढावर वेगळी वागू लागते. किती पीएसआय उतरवायची, कुठे थांबायचं आणि डांबरावर परतण्याआधी हवा कशी भरायची, हा पुढच्या आठवड्याचा विषय. तोवर ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचा हवेच्या दाबाचा स्टिकर वाचून ठेवावा.